पाणी निवळलं म्हणजे टँक तयार झाला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन फुटी टँक आणला, परवा पाणी भरून फिल्टर आणि हीटर चालू केला, काल पाणी दुधाळ झालं, आणि रविवारी लेकीला घेऊन मासे आणायचे ठरलंय. यादीत सहा गप्पी, चार निऑन टेट्रा, दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि काच साफ करायला एक सकर. सगळं पाणी बदलू का, आणि यादी ठीक आहे का?

पाणी बदलू नका. आणि रविवारी मासे आणू नका. लेकीची समजूत कशी काढायची तेही सांगतो, पण आधी कारण ऐका.

मासा चोवीस तास कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो. विष्ठा, न खाल्लेलं खाणं, कुजलेलं पान, सगळ्याचा शेवट अमोनियातच. नदीत तो वाहून जातो. पन्नास-पंचावन्न लिटरच्या काचपेटीतून तो जाणार कुठे? त्याला संपवणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. मधला टप्पाही विषारीच आहे. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, म्हणून एअर पंप जोरात चालू असतानाही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते थोडं वनस्पती खातात, उरलेलं आपण पाणी बदलून काढतो.

नवीन माणसाला न सांगितली जाणारी गोष्ट अशी की हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. त्यामुळे ‘पाणी दोन दिवस मुरू द्या’ या सल्ल्याला अर्थ नाही. मुरायचं असतं ते स्पंजला. आणि हे जिवाणू वाढतात फार सावकाश, एकाचे दोन व्हायला कित्येक तास, कधी अख्खा दिवस. म्हणून टँक तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

तुमचं दुधाळ पाणी हा वेगळाच प्रकार. पाण्यात तरंगणारे, भराभर वाढणारे दुसरे जिवाणू असतात, त्यांचा हा पहिला उत्सव. काही दिवसांत आपोआप ओसरतो. पाणी बदलत राहिलात तर लांबतो. (भरल्या क्षणापासूनच गढूळ असतं तर खडी नीट धुतली नाही असं म्हटलं असतं, पण तुमचं दुसऱ्या दिवशी झालंय.)

माझ्या पहिल्या टँकचं पाणी तिसऱ्या दिवशी आरशासारखं होतं. त्याच भरवशावर मी दहा मासे सोडले. आठवडाभर सगळे मजेत, दुसऱ्या आठवड्यात रोज एक तरंगायला लागला. मग रोग समजून औषधं ओतली. रोग नव्हताच. त्याहून मोठी चूक पुढे केली, टँक चांगला चालू असताना. स्पंज मेणचट, काळपट दिसला म्हणून नळाखाली खसाखसा धुतला, अगदी नवा दिसेपर्यंत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं. सहा महिन्यांची कमाई दहा मिनिटांत गटारात गेली आणि तीन दिवसांनी टँक पुन्हा पहिल्या आठवड्यातल्यासारखा झाला. तेव्हापासून स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळतो, बस. तो मळकटच बरा.

आता मासे न सोडता टँक कसा तयार करायचा ते. आधी पाण्यातलं क्लोरीन घालवा. साधं क्लोरीन पाणी उघडं ठेवल्याने उडून जातं, पण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात आणि ते असं सहज उडत नाही. वॉटर कंडिशनरचे थेंब घालणं सोपं आणि खात्रीचं. मग जिवाणूंना खायला द्यायचं. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजू द्या, किंवा सुगंध-साबण काही नसलेला शुद्ध अमोनिया मिळाला तर लिटरला २ मिलिग्रॅम इतकी पातळी येईल एवढा घाला. हीटर या काळात २७-२८ अंशांवर ठेवला तर काम थोडं लवकर होतं.

आणि टेस्ट किट घ्या, थेंब टाकून नळीत रंग बघायचं. पट्ट्यांपेक्षा ते जास्त भरवशाचं. सजावटीची प्लॅस्टिकची जहाजं घ्यायची राहिली तर चालेल, किट राहून चालणार नाही. आधी अमोनिया चढलेला दिसेल. मग नायट्राइट उगवेल आणि अमोनिया उतरू लागेल. मग नायट्राइट वरच अडकून बसेल. हा टप्पा माणसाचा अंत पाहतो, इथेच बहुतेक जण कंटाळून मासे आणतात. थांबा. एक दिवस तेही कोसळतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. २ मिलिग्रॅमचा अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टँक तयार. खाणं कुजवत असाल तर रोज टाकत राहूनही दोन्ही आठवडाभर शून्य राहायला हवेत.

वेळ वाचवायचा एकच खरा मार्ग मला माहीत आहे: ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून घ्या आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. महिन्याचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. बाटलीतल्या जिवाणूंचा अनुभव मिश्र आहे. वापरा हवं तर, पण निकाल बाटलीवरच्या लेबलाचा नाही, किटचा मानायचा.

आता यादी.

गोल्डफिश काढा. त्याला थंड पाणी मानवतं, तुमचा हीटर २५ अंशांवर असणार. शिवाय तो वीतभर वाढतो आणि घाण इतकी करतो की एवढ्या टँकचा फिल्टर पुरत नाही. एंजलही नको. दुकानात तो नाण्याएवढा असतो, पण पंख धरून उंची १५ सेंटिमीटरच्या वर जाते आणि तुमच्या टँकची उंचीच एक फूट. त्यातून मोठा एंजल निऑन सरळ गिळतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या लेखी ते खाणंच.

सकरबद्दल तर मला कळवळून सांगावंसं वाटतं. बोटाएवढा म्हणून आणलेला तो मासा फुटापेक्षा मोठा होतो. काच साफ करतो त्याच्या कैक पट शेण करतो. आणि नव्या टँकमध्ये त्याला खायला शेवाळ असतं कुठे? काच पुसायला चुंबकाचा ब्रश पुरतो.

राहिले गप्पी आणि निऑन. दोघं मध्यम पाण्यात एकत्र राहू शकतात, पण खरी आवड उलटी आहे: गप्पीला जड, क्षारयुक्त पाणी आवडतं, निऑनला मऊ आणि किंचित आम्लधर्मी. पाण्याचा गुण बदलायला औषधं ओतत बसण्यापेक्षा आपल्या नळाला जे येतं त्याला साजेसा मासा निवडावा, या मताचा मी आहे. पाणी जड असेल तर सहा गप्पी, फक्त नर. मादी आणलीत तर ती बहुधा आधीच गाभण असते, आणि नराशिवायही साठवलेल्या बीजावर कित्येक महिने दर महिन्याला पिल्लं देत राहते. पाणी मऊ असेल तर आठ-दहा निऑन. चार नकोत. चार निऑन घाबरून झाडामागे बसतात, आठ झाले की थवा करून मध्यभागी पोहतात. फक्त निऑन कोऱ्या टँकमध्ये टिकत नाही, टँक दोन-तीन महिने चालल्यावर आणा. तोवर झेब्रा डॅनिओ असू द्या, काटक असतात आणि सारखे पळत असतात, मुलांना आवडतात. तळाला पुढे कधी तरी सहा छोटे कोरिडोरास, पण त्यासाठी टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात.

सगळे एकदम आणू नका. आधी निम्मे, दोन आठवडे रोज टेस्ट, मग बाकीचे. पहिले मासे आणायच्या आदल्या दिवशी निम्म्याहून जास्त पाणी बदला, कारण महिनाभरात नायट्रेट साचलेलं असतं. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी त्यात घाला, आणि मासे जाळीने काढून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. त्या दिवशी दिवा बंद, खाणंही नाही.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि तसंच असायला हवं. दोन मिनिटांत संपेल इतकं खाणं, दिवसातून एकदा. आठवड्याला पाव टँक पाणी बदल, हीटर बंद करून, कारण तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. दिवा सहा ते आठ तास, जास्त ठेवलात की शेवाळ.

आणि लेक. रविवारी तिला घेऊन जाच, पण वनस्पती आणायला. मासे नसले तरी त्या आजच लावता येतात. अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने दगडाला बांधा, त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं तर कुजतं. व्हॅलिसनेरिया मागच्या बाजूला खडीत रोवा. सुरुवातीला पानं गळतील, घाबरू नका, नवी फुटतात. कुजलेली तेवढी काढा. टेस्ट किट तिच्या ताब्यात द्या. रोज संध्याकाळी तिने नळीचा रंग वहीत रंगवायचा, तारीख घालून. माझ्या किटमध्ये अमोनियाची नळी हिरवी होते आणि शून्याला पिवळी, नायट्राइटची जांभळी आणि शून्याला निळी. एक नळी पिवळी आणि दुसरी निळी अशी जोडी वहीत टिकून दिसायला लागली, की पहिला मासा कुठला ते तिला ठरवू द्या. गोल्डफिश सोडून.