रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हा असा का वागतो?

मी समुपदेशक आहे. डोक्याला मार लागून घरी परतलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात. जखम भरली, मूल चालतं-बोलतं, शाळेत जायला परवानगी मिळाली; पण स्वभाव पहिला राहिला नाही. आता शिस्त लावायची की सांभाळून घ्यायचं?

अशा एका कुटुंबाबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला, कपाळाला जबर मार लागला. अतिदक्षता विभागातून सुखरूप घरी आला. पूर्वीचा समजूतदार मुलगा आता संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकायचा, धाकट्या बहिणीवर हात उगारायचा आणि थोड्या वेळाने काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने खेळायला लागायचा. वडील म्हणत, आजारपणात लाड झाले, त्याचा हा परिणाम. आईला त्याला रागवायचीच भीती वाटे. दोघांची भांडणं मुलासमोर होत.

कपाळामागचा मेंदूचा भाग, फ्रंटल लोब, भावनांना आवर घालायला, थांबून विचार करायला मदत करतो. नेमका तिथे मार बसला की राग येणं आणि हात उठणं यांत उसंतच उरत नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाची मोड दिसते. चेतातंतूंना बसलेले सूक्ष्म हिसके बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास खरा असू शकतो. शिवाय पूर्वी सहज जमणाऱ्या कामांसाठी अशा मेंदूला जास्त कष्ट पडतात. मूल थकतं, पण ‘मी थकलो’ असं सांगत नाही. चिडतं.

‘का चिडला’ हे शोधण्याआधी ‘केव्हा चिडला’ हे लिहून ठेवा, असं मी सुचवलं. नोंदी ठेवायचं काम मुद्दाम वडिलांकडे दिलं. बहुतेक भडके शाळेतून आल्यावर, टीव्ही चालू असताना, अभ्यासाला बस म्हटल्यावर उडत होते. स्वतःच्याच अक्षरात ते वाचल्यावर ‘लाड’ हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग घरात बदल झाले. शाळेतून आल्यावर आधी शांत खोलीत विश्रांती. अभ्यास थोडाथोडा, मध्ये सुट्टी. एका वेळी एकच सूचना, तीही टीव्ही बंद करून. खेळ थांबवायचा असेल तर आधी कल्पना द्यायची. मारणं मात्र अजिबात चालणार नाही, हा नियम दोघांनीही सारखाच पाळायचा. भडका उडाला की व्याख्यान न देता बाजूला न्यायचं आणि शांत झाल्यावर दोन वाक्यांत बोलायचं. शिस्त हवीच, फक्त त्याला पेलेल अशी. राग पूर्ण गेला नाही, पण संध्याकाळी घरात श्वास घेता येऊ लागला.

आई एकटी भेटली तेव्हा म्हणाली, “मॅडम, सगळे म्हणतात देवानं वाचवला. मला मात्र माझा आधीचा मुलगा हवाय. असं वाटणं पाप आहे का?” नाही, मुळीच नाही. माणूस समोर असूनही हरवल्यासारखा वाटतो, या दुःखाचा अभ्यास पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकापासून केला आहे. वियोग झाल्याचं कुणी मान्यच करत नसल्यामुळे असं दुःख मनात साचून राहतं. त्या दिवशी आम्ही उपायांबद्दल काहीच बोललो नाही. तिला रडायला वेळ हवा होता, आणि तो मला देता आला.

भावंडांना या काळात फार गृहीत धरलं जातं. बहिणीने विचारलं, “मी नीट वागले तर दादा पहिल्यासारखा होईल?” दादाच्या मेंदूला लागलंय, त्यात तुझी चूक नाही आणि त्याला बरं करणं तुझं काम नाही, हे तिला आईवडिलांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी ते सांगितलं.

सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत वेगाने होते, पुढे सावकाश चालू राहते. पण कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे अभ्यास आणि जबाबदाऱ्या वाढल्या की काही अडचणी वर्षांनंतरही डोकं वर काढू शकतात. दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना अपघाताची माहिती द्या. विसरणं किंवा अभ्यासात मागे पडणं वाढलं तर मेंदू-मानसशास्त्रीय तपासणी, म्हणजे स्मरण, लक्ष आणि विचार यांच्या चाचण्या, करून घ्या. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, फिट (आकडी) आली किंवा मूल गुंगीत गेलं, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.