चेपलेला बोरू

'देवाला माझा आता काय उपयोग?' आजारपणानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी श्रद्धाळू माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. शब्द तेवढे बदलतात. कुणी म्हणतं, 'घराला ओझं झालोय', कुणी म्हणतं, 'मला कशाला मागे ठेवलं?' सगळ्यांना पुरेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. बाईंची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. महापालिकेच्या मराठी शाळेत सगळी नोकरी झाली. फळ्यावरचं अक्षर असं, की दुसऱ्या वर्गातले शिक्षक ते पाहायला यायचे. भायखळ्याच्या मराठी चर्चमध्ये दर रविवारी दारातल्या फळ्यावर शास्त्रवचन लिहायचं कामही त्यांचंच. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत, वयाच्या ५९व्या वर्षी, पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जडावलं. घर परळला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. मुलगा आणि सून आठच्या आत गाडी पकडायला बाहेर पडतात. मग दिवसभर बाई आणि खिडकी.

पहिल्याच भेटीत मी चूक केली. उपयोग नाही असं वाटतंय ना, मग उपयोग दाखवून देऊ, असा माझा हिशोब. डाव्या हाताने मटार सोला, नातवाचे पाढे घ्या, कपड्यांच्या घड्या घाला. बाईंनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं सगळं केलं. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "काल तीन कामं झाली, मॅडम. म्हणजे काल मी तीन कामांपुरती होते का? परवा ताप होता, एकही झालं नाही."

मी गप्प. या शहरात माणसाची किंमत तो किती धावतो यावर ठरते, आणि मी त्यांच्या हातात तोच तराजू दिला होता.

त्याच दिवशी मी सरळ विचारलं, "जीव नकोसा होतो का? स्वतःला संपवावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती घरच्यांना वाटते. ती खोटी आहे. बाई म्हणाल्या, "तसलं काही करणार नाही. पण सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं, असं रोज वाटतं." हेही हलक्यात घ्यायचं नसतं. (कुणाला असं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.) पक्षाघातानंतर दर ३ रुग्णांपैकी साधारण एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजा आणि आयुष्याची उलटापालट, दोन्ही त्याला कारण. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं.

गोळ्या घ्यायला बाई तयार होईनात. चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, "विश्वास कमी पडतोय, म्हणून हात बरा होत नाही." आता मनासाठीही गोळी म्हणजे नापासाचा शिक्काच. त्यांना विचारून मी चर्चच्या पाळकांना फोन केला. ते घरी जाऊन बायबलमधल्या प्रेषित पौलाविषयी एवढंच म्हणाले, "बाई, पौलाच्या सोबत लूक होता. आणि लूक वैद्य होता." गोळ्या सुरू झाल्या. फिजिओथेरपीही सोडली नाही.

मी स्वतः वारकरी घरातली. बाईंचं ऐकताना मला जनाबाई आठवायच्या, दळताना विठ्ठलाला हाक मारणाऱ्या. तोंडावर आलेलं मी गिळलं. तो आधार माझा होता. बाईंचा त्यांच्याचजवळ सापडायला हवा होता.

म्हणून एकदा विचारलं, "संडे स्कूलमध्ये मुलांना पौलाचं काय शिकवायचात?"

"शरीरातला काटा. तो काढ म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं."

"मग निघाला?"

"नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं उत्तर मिळालं. मुलं विचारायची, बाई, मग देवाने ऐकलं नाही का?"

"तुम्ही काय सांगायचात?"

बाई बराच वेळ थांबल्या. "तेवढ्यात घंटा व्हायची," म्हणाल्या आणि हसल्या. झटक्यानंतर वाकडं झालेलं ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं. मग रडल्या. "पौलाचा विश्वास कमी होता असं मी कधी शिकवलं नाही. स्वतःला मात्र तेच शिकवत बसले."

यापुढे माझं काम फारसं उरलं नव्हतं. कामांची वही आम्ही बंद केली. सकाळी जाग आल्यावर दहा मिनिटं काहीही मागायचं नाही, केलं-नाही याचा हिशोब द्यायचा नाही, नुसतं प्रभूसमोर बसायचं, असं त्यांनीच ठरवलं. काही दिवस जमलं, काही दिवस नाही. फेब्रुवारीत पुन्हा एक वाईट पंधरवडा आला. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं.

हात आजही तसाच आहे. फळ्यावर आता दहावीतला एक मुलगा वचन लिहितो. मध्यंतरी मुलाने आणि शेजाऱ्याने खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं, टॅक्सीने बाई चर्चला गेल्या. त्या दिवशी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन होतं: 'चेपलेला बोरू तो मोडणार नाही.' पोराने 'बोरु' असा ऱ्हस्व लिहिला होता. बाईंनी खूण करून दीर्घ करायला लावला. त्याने विचारलं, "बाई, बोरू म्हणजे काय?"

बाई सांगायला लागल्या. पोकळ काडी असते, टोक तिरकं कापायचं, शाईत बुडवायचं. वडील त्याने कित्ता गिरवून घ्यायचे. चेपला की चिरतो, शाई गळते, वडील तो फेकून द्यायचे. जड जिभेचं बोलणं कळावं म्हणून पोरगा गुडघ्यावर बसला होता. आत पहिलं गीत सुरू झालं तरी दोघं दारातच.

"बघा, शिकवण्याचं काम परत मिळालं," मी म्हटलं. माझी सवय जात नाही.

"काम नाही हो मॅडम," बाई म्हणाल्या. "मला बोलावंसं वाटलं."