दाढ दुधाची असते का?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय: पाच वर्षांच्या लेकीची दाढ किडली, डॉक्टर म्हणाले, दुधाची दाढ आहे. सासूबाईंचं म्हणणं, "दुधाचे असतात ते दात, दाढ कुठली दुधाची?" शब्द कोणाचा बरोबर?

डॉक्टरांचा. दुधाचे दात 20, वर 10 आणि खाली 10. त्यांत पटाशीचे 8, सुळे 4 आणि राहिलेल्या 8 दाढाच. घोळ 'दात' या शब्दाचा आहे. तोंडातलं सगळं ते दात, आणि दाढा सोडून पुढचे तेही दातच. शिवाय सहा-सात वर्षांचं पोर बोळकं दाखवत फिरतं ते पुढच्या दातांचं. दाढा पडतात दहा-बाराव्या वर्षी, तेव्हा त्यांची दखल कोण घेतो?

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य मात्र आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते, काहीही न पडता. ती कायमची. अशा एकदाच येणाऱ्या दाढा अक्कलदाढा धरून 12. संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात, दोनदा जन्मणारा. पण तो मान 32 पैकी 20 जागांनाच. काश्यपसंहिता या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथात एकदाच येणारे दात 8 सांगितलेत. आकडा जुळत नाही, पण हा भेद तेव्हाच ओळखला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या सातारा-सांगलीकडचा शब्द तर याहून पुढचा. बैलांच्या शर्यतीच्या मैदानात 'आदत', 'दुसा', 'चौसा' ऐकलं असेल. दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा. आणि ज्याचे सगळे दुधाचेच, तो आदत. हा शब्द मला 'अदंत'वरून आलेला दिसतो. म्हणजे खोंडाच्या खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असूनही तो बिनदाती! दुधाचे दात हिशेबातच नाहीत.

माणसाच्या पोराबाबत तसा हिशेब करू नये. आमच्या भाच्याचा पडलेला दात तळहातावर घेतला, तर शिंपल्याच्या कपचीसारखा, पांढराशुभ्र आणि मूळच नाही. "मामा, अर्धा आत राहिला का?" तो घाबरला होता. राहिलेलं काही नसतं. खालून नवा दात वर येताना जुन्याचं मूळ विरघळत जातं. दुधाच्या दाढेची मुळं तर चांगली फाकलेली असतात, कारण त्यांच्या बेचक्यात उपदाढेचा, म्हणजे तिच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताचा, कोंब वाढत असतो. वरचं कवच पातळ आणि आतला मगज मोठा, म्हणून कीड लवकर आत पोचते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची जागा जाते.

तेव्हा ताई, 'दूधदाढ' हा शब्द खुशाल वापरा, आणि ती पडणारच आहे म्हणून उपचार टाळू नका.