फलाटावरची नोंदवही : मडगाव जंक्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

मडगावला जाऊन दिवसभर गाड्या पाहायच्या, अशा बेताची बरीच पत्रे आली आहेत. कोणी मुलांना घेऊन जाणार आहे, कोणी कॅमेरा. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा भाचा रेल्वेवेडा आहे. त्याच्यासाठी एक रविवार मडगावला काढायचा आहे. कधी जावे, काय न्यावे, आणि दिवसभर फलाटावर थांबू देतात का? (एक वाचक, फोंडा)

आधी तिकिटाचे पाहू, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच बिघडतो. फलाट तिकीट १० रुपयांचे आणि दोन तासांचे. तिकिटावर छापलेल्या वेळेपासून दोन तास मोजतात, तुम्ही फलाटावर पाऊल ठेवल्यापासून नव्हे. त्यामुळे सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन बैठका ठरवा आणि मधल्या वेळात भाच्याला गाडीत बसवा. मडगाव ते करमळी हा टप्पा त्यासाठी उत्तम. वेर्णा सोडल्यावर झुआरीचा पूल लागतो आणि करमळीला स्टेशनाजवळच तळे आहे. जाताना एक गोष्ट सांभाळा. साध्या एक्स्प्रेसचे जनरल तिकीट सुपरफास्ट गाडीला चालत नाही, त्यासाठी अधिभार भरावा लागतो. जनशताब्दी, तेजस, वंदे भारत आणि राजधानी यांत आरक्षणाशिवाय चढताच येत नाही. परतीचे तिकीट करमळीला, निघायच्या वेळीच काढा. २०० किलोमीटरच्या आतल्या जनरल तिकिटावर तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळीच काढून ठेवलेले तिकीट संध्याकाळी उपयोगाचे नसते.

वेळेचे म्हणाल तर सकाळी मुंबईकडे जाणारी मांडवी आणि मुंबईहून येणारी कोकणकन्या मिळते. दुपारी एक ते तीनच्या सुमारास जनशताब्दी आणि वंदे भारत. संध्याकाळी कोकणकन्या सुटते. मंगला, नेत्रावती, मत्स्यगंधा या लांब पल्ल्याच्या गाड्या अधूनमधून येत-जात असतात आणि वास्को–लोंढा मार्गाच्या गाड्यांची त्यांत भर पडते. दोन वेगळ्या रेल्वेंच्या गाड्या एका जागी दिसतात, हेच मडगावचे वैशिष्ट्य. कोकण रेल्वे आणि दक्षिण पश्चिम रेल्वे इथे भेटतात. साप्ताहिक गाड्या कोणत्या दिवशी आहेत हे आदल्या रात्री एनटीईएस या रेल्वेच्या गाड्यांची माहिती देणाऱ्या अॅपवर पाहून वहीत उतरवून ठेवा.

वही पुठ्ठ्याची, खिशात मावणारी घ्या, आणि पेनाऐवजी पेन्सिल. गोव्याच्या दमट हवेत आणि पावसाच्या शिंतोड्यांत शाई पसरते, शिसे पसरत नाही. रकाने आधीच आखा : वेळ, गाडी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि प्रकार, इंजिनाचे शेड (त्याची देखभाल होते ते ठिकाण), डब्यांची संख्या, फलाट, उशीर किती मिनिटे. इंजिन सर्वांत आधी समोरून जाते, म्हणून त्याचा आकडा पहिला लिहा. तो चुकला की परत मिळत नाही. दोघे असाल तर भाच्याने मोठ्याने आकडा वाचायचा आणि तुम्ही लिहायचा. न थांबणारी गाडी असेल तर ही जोडी फार उपयोगी पडते.

उभे राहायला फलाटाच्या टोकाकडची जागा चांगली, जिथे इंजिन थांबते. पण उतारावर जाऊ नका आणि पिवळ्या पट्टीच्या आतच राहा. वेगाने जाणारी गाडी आपल्याबरोबर हवा ओढत नेते, आणि मुलाचा तोल जायला तेवढे पुरते.

प्रश्न : मालगाडीच्या वाघिणीवर, म्हणजे मालाच्या डब्यावर, अकरा आकडे असतात. त्यांचा काही अर्थ असतो का? डब्यांवरच्या आकड्यांचे काय? (एक विद्यार्थिनी, डिचोली)

अर्थ असतो, आणि तो कळू लागला की कंटाळवाणी मालगाडीही वाचायची वस्तू होते. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात : १० ते २९ उघडी, ३० ते ३९ बंद, ८५ ते ८९ गार्डची ब्रेकव्हॅन. पुढचे दोन अंक मालक रेल्वेचे : ०१ मध्य, ०६ दक्षिण, ०८ पश्चिम. नंतरचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंक त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळ्याचा अंक.

हा शेवटचा अंक आपण वाचलेला आकडा बरोबर आहे की नाही ते सांगतो. उदाहरणादाखल १२ ०८ १४ ३०५७ असे दहा अंक घेऊ. म्हणजे उघडी वाघीण, पश्चिम रेल्वे, २०१४ ची बांधणी. सम जागांवरचे अंक, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा, मिळवा : २ + ८ + ४ + ० + ७ = २१. त्याची तिप्पट ६३. विषम जागांवरचे मिळवा : १ + ० + १ + ३ + ५ = १०. एकूण ७३. पुढचा दहाचा पाढा ८०, त्याला ७ कमी, म्हणून अकरावा अंक ७ असला पाहिजे. वहीतल्या अंकांचे गणित करून ७ ऐवजी २ आला तर तुम्ही ३ चा ८ केलाय. रंग उडालेल्या, धुळीने माखलेल्या वाघिणींवर ही चूक हमखास होते. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन घाटावर जाणाऱ्या उघड्या वाघिणींवर हे गणित करून पाहा. धूळ कशी असते ते तिथे कळेल.

प्रवासी डब्यांची रीत वेगळी. पाच अंकी क्रमांकात पहिले दोन अंक बांधणीचे वर्ष आणि शेवटचे तीन डब्याचा वर्ग. डब्यावर १४२३६ असेल तर २०१४ चा स्लीपर. ५१ ते १०० टू-टिअर एसी, १०१ ते १५० थ्री-टिअर, १५१ ते २०० एसी चेअर कार, २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल. अलीकडच्या डब्यांवर सहा अंक दिसतात, तिथेही पहिले दोन वर्षाचेच.

इंजिनावर डब्ल्यूएपी, डब्ल्यूएजी अशी अक्षरे असतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे प्रत्यावर्ती (एसी) विजेवर चालणारे, डी म्हणजे डिझेल. त्यापुढचे पी प्रवासी गाड्यांसाठी, जी मालगाड्यांसाठी, एम दोन्हींसाठी. इंजिनाच्या अंगावर शेडचे नावही असते, तेही लिहा. आपल्या फलाटावरचे इंजिन मूळ कुठले आहे हे त्यावरूनच उमगते.

प्रश्न : मडगावला संपणाऱ्या गाडीचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात तेव्हा नेमके काय चालते? डब्यातले एसी का बंद पडते? (एक वाचक, कुडचडे)

हे जवळून पाहण्यासारखे आहे, सवड काढून पाहा. इंजिन डब्यापासून थोड्या अंतरावर पूर्ण थांबते. मग मुंगीच्या पावलाने पुढे येते आणि दोन्हीकडच्या कपलरची (जोडणीच्या आकड्याची) पोलादी पकड एकमेकांत अडकते. त्यावेळी एकच भरीव खटका ऐकू येतो. दोन खटके आले तर पहिल्यांदा पकड बसली नव्हती. कर्मचारी कुलूप बसल्याची खूण डोळ्यांनी तपासतो आणि मग इंजिन हलकेच उलटे ओढून पाहतात.

त्यानंतर नळ्या. दोन रबरी नळ्या दिसतील. हिरव्या रंगाची ब्रेक पाइपाची, तिच्यात हवेचा दाब ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पांढरी फीड पाइपाची, तिच्यात ६. नळ्या जोडून त्यांचे कॉक (तोट्या) उघडले की फुस्स असा आवाज येतो आणि दाब मागच्या डब्यापर्यंत भरत जातो. गाडी लांब तेवढा वेळ जास्त. शेवटच्या डब्यात गार्डच्या दाबमापकात दाब पुरेसा दिसल्याशिवाय गाडी हलत नाही. मधला एखादा कॉक बंद राहिला तर त्याच्या मागच्या डब्यांना ब्रेकच लागणार नाहीत, म्हणून हा पडताळा कुणी वगळत नाही.

एसीचे कारण विजेत आहे. पूर्वी एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांना पॉवर कारमधल्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या वेगळ्या डब्यातल्या, जनित्राची वीज मिळे. आता बऱ्याच गाड्यांना इंजिनातूनच ७५० व्होल्ट वीज जाडजूड केबलींनी पुरवतात. इंजिन सुटले की केबल सुटते, दिवे बॅटरीवर येतात आणि एसी थांबते. नवे इंजिन लागून केबल जोडेपर्यंत डबा तापत राहतो. पॉवर कार तयार ठेवलेली असेल तर मात्र खंड जाणवत नाही.

वंदे भारतला यातले काहीच लागत नाही. तिची यंत्रे डब्यांच्या खालीच आहेत आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन आहे.

प्रश्न : शेवटच्या डब्यावरचा पिवळा एक्स आणि रुळांशेजारचे 'सी/फा' लिहिलेले पाटे कशासाठी? (एक वाचिका, म्हापसा)

पिवळा एक्स म्हणजे हाच गाडीचा शेवटचा डबा. एलव्ही (लास्ट व्हेइकल) अक्षरांची पाटी आणि रात्री लुकलुकणारा लाल दिवाही तेच सांगतात. गाडी गेल्यावर स्टेशनवाले ही खूण पाहतात. ती दिसली नाही तर गाडी मध्येच तुटून मागचे डबे राहिले असण्याची शक्यता धरतात आणि मागच्या गाडीला रोखतात. 'सी/फा' म्हणजे सीटी–फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा.

प्रश्न : मोबाइलने धावत्या गाडीचा फोटो काढला की डबे तिरके येतात आणि पाटीवरची अक्षरे अर्धवट दिसतात. कॅमेरा बिघडलाय का? (एक वाचक, पणजी)

कॅमेरा ठीक आहे. मोबाइल चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतो. शेवटची ओळ टिपेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते, म्हणून उभ्या कडा कलतात. गाडी समोरून आडवी जात असेल तर हा दोष सर्वांत जास्त दिसतो. जरा तिरपे, येणाऱ्या इंजिनाकडे तोंड करून उभे राहा आणि थोडे लांबून काढा.

पाटीची गोष्ट वेगळी. एलईडी पाटी सलग जळत नाही, डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले तर ज्या ओळी त्या क्षणी विझलेल्या असतात त्या फोटोतून गायब होतात. थांबलेल्या गाडीसाठी १/१२५ किंवा त्याहून संथ शटर ठेवा, अक्षरे पूर्ण येतील. धावत्या गाडीसाठी मात्र १/१००० च हवे, तेव्हा पाटीचा मोह सोडा. सूर्य पाठीशी ठेवा आणि फ्लॅश कायम बंद ठेवा, तो लोको पायलटच्या डोळ्यांवर जातो.

वर २५,००० व्होल्टच्या तारा आहेत. सेल्फी काठी, उघडी छत्री, झेंड्याची काठी यांतले काहीही पादचारी पुलावरून बाहेर काढायचे नाही. तारेला हात लागायलाच हवा असे नाही, जवळ गेले तरी वीज झेप घेते. ड्रोन तर घरीच ठेवा. दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आहे. व्यवसायासाठी किंवा तिपाई लावून चित्रण करायचे असेल तर आधी परवानगी काढा, आणि कोणी हटकले तर वाद न घालता स्टेशन मास्तरांकडे जा.

प्रश्न : पावसात दूधसागरपाशी रुळांवरून चालत जाऊन गाड्या पाहायच्या आहेत. कुळ्याहून किती वेळ लागतो? (काही मित्र, मडगाव)

हा बेत रद्द करा. रुळांवरून चालणे रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घाटात बोगदे आणि वळणे आहेत. धबधब्याच्या आवाजात उतरणीने येणारी गाडी ऐकू येत नाही आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा मिळेलच असे नाही.

पाहायचेच असेल तर तिकीट काढून घाटातून गाडीने जा, किंवा कुळे स्टेशनाच्या फलाटावर बसा. कुळे ते कॅसलरॉक सुमारे २६ किलोमीटर, चढ ३७ स एक. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की एक मीटर वर चढते, किलोमीटरला जवळजवळ २७ मीटर. पुढच्या इंजिनाला हा चढ एकट्याला झेपत नाही, म्हणून कुळ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावतात. पावसात ओल्या रुळांवर चाके घसरतात, तेव्हा वाळू सोडून पकड आणावी लागते. चाकांसमोर वाळूची बारीक नळी दिसते का पाहा. वरून येणाऱ्या गाडीची ब्रेक चाचणी घाट उतरण्याआधी कॅसलरॉकला होते. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच तर तिला वळवून थांबवण्यासाठी वाटेत चढाची, पुढे बंद होणारी आंधळी रूळवाट ठेवलेली असते.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकही बदलते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि वंदे भारतच्या फेऱ्या कमी होतात. मुसळधार पावसात, पुढचे दिसत नसेल तर, ताशी ४० किलोमीटरने गाडी हाकण्याची सूचना असते. गोव्यातली कोकण रेल्वेची वाट एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी उशिरा आली की क्रॉसिंगसाठी दुसरी बाजूच्या लाइनीवर थांबते. थिवी, बाळ्ळी किंवा काणकोणसारख्या लहान स्टेशनावर अशी गाडी थांबलेली दिसली तर फलाटावरून हलू नका. होम सिग्नलवरच्या, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलवरच्या, पांढऱ्या तिरप्या दिव्यांची ओळ पेटली तर येणारी गाडी बाजूच्या लाइनीत वळणार. ती ओळ न पेटता नुसता हिरवा असेल तर ती मुख्य लाइनीवरून सरळ जाणार. वहीतला इंजिनाचा रकाना आधीच उघडून ठेवा.