समुद्रात नवी कोळंबी सापडली, तर ती ‘नवी प्रजाती’ कधी ठरते?

तिचं वर्णन नावासकट प्रसिद्ध होऊन एक प्रमाण नमुना (होलोटाइप) ठरवला जातो तेव्हा. नुसती सापडून नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता तसं सांगते: जवळच्या प्रजातींपासून ती कशी वेगळी, प्रमाण नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवलाय, हे लेखात यायलाच हवं. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ‘सिनाल्फिअस पिंकफ्लॉइडाय’ बघा. मोठी नांगी झटक्यात मिटून प्रचंड आवाज काढणारी ही इवलीशी कोळंबी. ती नांगी भडक गुलाबी, म्हणून २०१७ साली वर्णन करताना पिंक फ्लॉइड या बँडचं नाव दिलं, आणि मला ते फार शोभून दिसतं! तिची सख्खी बहीण म्हणावी अशी ‘सिनाल्फिअस अँटिलेन्सिस’ पलीकडे अटलांटिकच्या बाजूला राहते. दोघी इतक्या सारख्या दिसतात की वेगळेपण जनुकीय तपासणीनेही पडताळावं लागलं. मात्र रंगाच्या भरवशावर राहू नका: अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो. म्हणून फोटो जिवंतपणीच काढायचे आणि ओळख नांगी, पाय, शेपटी यांच्या बारीक रचनेवरून पटवायची.