परदेशातून गिटार, पेडल (गिटारचा आवाज बदलणारं) मागवायच्या आधी हे वाच
अरे थांब, नुसती वेबसाइटवरची किंमत बघून ऑर्डर टाकू नकोस. बऱ्याच देशांत कस्टम ड्युटी वस्तूची किंमत, शिपिंग आणि इन्शुरन्स या तिन्हीच्या बेरजेवर लागते, मग ड्युटी धरून जो आकडा येतो त्यावर जीएसटी किंवा व्हॅट, आणि वर कुरियरवाल्याची क्लिअरन्स फी वेगळीच. माझं पहिलं पेडल आलं तेव्हा कुरियरवाला दारात बिल घेऊन उभा आणि माझ्याकडे तेवढे पैसेच नव्हते, पार्सल परत गेलं, फार वाईट वाटलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी वस्तूचा प्रकार सांगणारा ठरलेला आकडा. अकूस्टिक गिटार ९२०२, इलेक्ट्रिक ९२०७, तारा आणि सुटे पार्ट ९२०९, पण अँप (अँप्लिफायर) आणि माइक ८५१८ मध्ये, म्हणजे कस्टम्सच्या लेखी ती वाद्यंच नाहीत, रेट वेगळा पडू शकतो. विकणाऱ्याला इनव्हॉइसवर कोड आणि वस्तू कुठे बनली ते नीट लिहायला सांग, कारण माल कुठून पाठवला यापेक्षा कुठे बनला यावर रेट ठरतो.

आणि किंमत कमी दाखव म्हणून अजिबात सांगू नकोस, पकडलं तर दंड आहेच, शिवाय गिटारची मान मोडून आली तर इन्शुरन्स तेवढ्याच आकड्याचा मिळेल.

जुनी गिटार घेत असशील तर लाकूड विचार. साइटिस म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ पासून त्यातून सूट आहे पण ब्राझिलियन रोझवूडला नाही, त्याची परमिट आधी हातात घे, मगच पैसे पाठव.