स्वतःच्या सी कंपायलरमध्ये अनसाइन्ड भागाकार आणि तुलना चुकतात, दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

तुम्ही सोलापूरच्या यंत्रमागाचा हिशेब टेस्टला घेतलात ते उत्तम केलंत. २,००० धाग्यांचा १,५०० मीटर ताणा म्हणजे ३,००,००,००,००० मिलिमीटर सूत, आणि हा आकडा साइन्ड इंटच्या, म्हणजे ऋण संख्याही धरणाऱ्या ३२ बिट पूर्णांकाच्या, कमाल मर्यादेच्या (२,१४,७४,८३,६४७) बराच पुढे जातो; फक्त शून्य आणि धन संख्या धरणाऱ्या अनसाइन्ड इंटमध्ये मात्र तो मावतो. त्याला १० ने भागल्यावर ३०,००,००,००० ऐवजी ४,१६,५४,७०,५६७ छापलं जातंय, म्हणजे बॅकएंड (कंपायलरचा मशीन कोड काढणारा भाग) सरसकट आयडिव्ह, म्हणजे साइन्ड भागाकाराची इन्स्ट्रक्शन, काढतोय.

एक्स८६-६४ प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये नुसते बिट्स असतात; त्यांना साइन्ड मानायचं की अनसाइन्ड हे इन्स्ट्रक्शन ठरवते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचे खालचे ३२ बिट्स दोन्हीकडे सारखेच येतात, तिथे हात लावू नका. भागाकार, बाकी, उजवीकडची शिफ्ट, तुलना आणि रुंदी वाढवणं, एवढंच तपासा.

भागाकारात नुसतं आयडिव्हच्या जागी डिव्ह (अनसाइन्ड भागाकार) लिहून भागणार नाही. भाज्याचा वरचा अर्धा भाग ईडीएक्स रजिस्टरमध्ये असतो आणि सीडीक्यू ही इन्स्ट्रक्शन त्यात चिन्हाचा बिट पसरवते. ती तशीच राहिली तर वरचा बिट १ असलेल्या आकड्याला ईडीएक्स सगळं १ ने भरतं, भागाकार ३२ बिट्समध्ये मावत नाही आणि प्रोग्रॅम 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन' म्हणून मरतो. लिनक्स हाच संदेश देतं, त्यामुळे लोक उगाच फ्लोटचा कोड शोधत बसतात. डिव्हच्या आधी ईडीएक्स शून्य करा.

तुलनेतली चूक बहुतेक वेळा एकच असते: बॅकएंड सिंटॅक्स ट्रीमधल्या तुलनेच्या नोडचाच टाइप बघतो. सी मध्ये तुलनेचं उत्तर नेहमी इंट, म्हणून निवड कायम साइन्ड होते. डाव्या ऑपरँडचा (डाव्या बाजूच्या किमतीचा) टाइप बघा, तोही दोन्ही बाजू एकाच टाइपमध्ये आणणारी नेहमीची रूपांतरं झाल्यानंतरचा, आणि अनसाइन्ड असेल तर 'पेक्षा लहान'साठी सेटएलऐवजी (साइन्ड) सेटबी (अनसाइन्ड) काढा. उजवीकडच्या शिफ्टलाही प्रमोशननंतरचा (लहान टाइप इंटमध्ये नेल्यानंतरचा) डावा ऑपरँडच बघायचा: साइन्डला चिन्ह राखणारी एसएआर, अनसाइन्डला शून्य भरणारी एसएचआर. उजव्या बाजूला अनसाइन्ड आहे म्हणून शिफ्ट बदलत नाही.

रुंदी वाढवताना मूळ टाइप बघायचा, ज्यात जायचंय तो नाही. इंटवरून ६४ बिट अनसाइन्ड लाँगमध्ये जातानाही मूव्हएसएक्सडीच (चिन्ह राखून रुंदी वाढवणारी इन्स्ट्रक्शन) लागते. अनसाइन्ड इंटला ईएएक्स रजिस्टरमधून ईएएक्समध्येच मूव्ह पुरते, वरचे ३२ बिट्स आपोआप शून्य होतात.

टेस्टमध्ये ०, १, -१, १२७, १२८, २५५ आणि दोन्ही टाइपच्या टोकाच्या किमती घ्या. त्या वेगळ्या फाइलमधल्या फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉन्स्टंट फोल्डिंग (स्थिर किमतींचा हिशेब कंपाइल करतानाच करणं) उत्तर आधीच काढून ठेवतं आणि बॅकएंड तपासलाच जात नाही. फोल्डिंगचा कोडही वेगळा तपासा, तिथे सगळं ६४ बिट साइन्डमध्ये मोजत असाल तर हीच चूक पुन्हा सापडेल. उत्तरं जीसीसी या प्रस्थापित सी कंपायलरशी ताडून बघा, फक्त शून्याने भागणं आणि साइन्डची सर्वात लहान संख्या भागिले -१ वगळा. सी मध्ये त्यांचं उत्तर ठरलेलंच नाही.